तुपकांची पेटी

पहिली पेटी पडली तेव्हा मी तिथे नव्हते. मद्रासच्या मालफलाटावर ती कोणाच्या हातून निसटली, किती उंचीवरून निसटली आणि पडताना आवाज कसा झाला, यांपैकी काहीही मी पाहिलेले वा ऐकलेले नाही. हे आरंभीच सांगून टाकते, कारण कुंभकोणमला आमच्या घरी या प्रसंगाचे साग्रसंगीत वर्णन करणारी जी मंडळी आहेत, त्यांच्यापैकीही कोणी तिथे नव्हते. किस्से साठतात ते असेच. ज्याने पाहिले तो एकदा सांगून मोकळा होतो. ज्याने पाहिले नाही त्याला दर वेळी थोडी नवी माहिती मिळते.

माझे दीर यशवंतभावजी सांगतात की पेटी क्रेनच्या आकड्यावरून सुटली. सासूबाईंच्या मते हमालाला शिंक आली. पुढे एकदा त्या शिंकेचे कारणही त्यांनी दिले, आणि ते मिरचीची पोती होते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मात्र एवढेच म्हणत, "पडली." त्यांचे वर्णन मला सर्वांत विश्वसनीय वाटते.

पेटीत बारा लांब बंदुका होत्या. मामंजींचे पूर्वज तंजावरच्या दरबारी शिलेखान्यावर होते. दरबार गेला, शिलेखाना गेला, पण हात गेला नाही. दारासुरमच्या रस्त्यावर मामंजींचा पितळेचा कारखाना होता. समया आणि कुडम, म्हणजे पाण्याच्या घागरी, यांवर तो चालत असे, आणि मामंजी जगत असत ते चकमकीच्या जुन्या घाटाच्या बंदुकांवर. फणसाच्या लाकडाचा दस्ता, वर पितळी पट्ट्या, आणि नळी आतून शिसे ओतून कायमची बुजवलेली. नाटकवाले आणि सिनेमावाले त्या घेत. माझ्या लग्नात वरातीपुढे अशी एक बंदूक चालली होती. ती पाहून मिरजेच्या एका नाटक कंपनीचे मालक बापूसाहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथेच बारांची मागणी नोंदवली.

अडीचशे वर्षांपूर्वी ज्या मुलखातून घराणे निघाले, त्या मुलखातून आलेली ही पहिली मागणी. मामंजींनी ती वर्षभर खपून पुरी केली. पेटी पोहोचल्यावर बापूसाहेबांचा निरोप आला: "आपण बारा बंदुका पाठवल्या. आम्हांस चोवीस मिळाल्या. आभारी आहे."

साऱ्या बंदुका एकाच जागी मोडल्या होत्या. दस्ता जिथे निमुळता होऊन नळीला भेटतो, त्या मानेत.

बापूसाहेब मनाने उदार. त्यांनी आणखी एक संधी दिली. मात्र दुसरी पेटीही मोडून आली तर काठ्यांना चांदीचा कागद लावून लढाई करू, असे कळवले. यशवंतभावजींनीही त्याच दिवशी आपली अट घातली. ही पेटी मोडली तर कारखान्यात यापुढे फक्त समया आणि कुडम. मामंजी म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. तंजावरची मराठी अडली की तमिळीचा आधार घेते. पण त्या दिवशी ती अडली नव्हती. मामंजींना मराठीत हो म्हणवत नव्हते.

*

मी या घरात आले तेव्हा माझ्याजवळ पदार्थविज्ञानाची पदवी होती आणि मराठी आपल्याला येते असा समज होता. पदवी टिकली.

सासरची मराठी अडीचशे वर्षे जपून ठेवलेली. आम्ही 'झाले' म्हणतो, ते 'जालें' म्हणत. 'मला'च्या जागी 'मज'. शब्दांचे शेवट तमिळ वळणाने लांबवलेले. पहिल्या आठवड्यात मामंजींनी कारखान्यातून हाक दिली, "सूनबाई, माडीवर तुपक आहे, आणून द्या." मी माडीवर गेले, शोध शोध शोधले, शेवटी स्वयंपाकघरात उतरून तुपाची बरणी घेतली आणि पदर सावरून त्यांच्यापुढे ठेवली.

कारखान्यातली ठोकाठोक थांबली. जुन्या मराठीत तुपक म्हणजे बंदूक. तमिळमध्येही तुप्पाक्की. हे मला ठाऊक नव्हते, पण भट्टीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला होते.

मामंजींनी बरणीचे झाकण काढून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "हिनें शत्रू मरेल. पण वेळ लागेल."

*

दुसरी पेटी भरण्याचे काम मी मागून घेतले. पहिली कशी भरली होती, असे विचारल्यावर यशवंतभावजी म्हणाले, "चांगली." किती चांगली, हे मोजण्याची घरात सोय नव्हती, म्हणून मी माडीवरून टाकून पाहायचे ठरवले.

मामंजींनी टाकाऊ दस्ते दिले. गोविंदन आसारी, आमचा सुतार, याने खोकी दिली, आणि खोक्यांबरोबर आपले मतही: पेटी नीट वाहिली तर पडत नाही, आणि पडायचीच असेल तर ती भरून उपयोग नाही. मी भाताचा कोंडा भरून खोके खाली टाकले. कोंडा तळाशी बसला, बंदूक त्यात रुतली, मान मोडली. पेंढा सैल भरला. पेंढा सरकला, मान मोडली. पेंढा गच्च भरला. या वेळी पेंढ्यानेच मान मोडली. मानेला आधार द्यावा तर आधारच तिच्यावर घाव घालत होता.

समोरच्या घरातल्या कामाक्षीमामी हे सारे ओट्यावर बसून पाहत. एक दिवस त्यांनी सासूबाईंना बाजूला बोलावून विचारले की तुमची सून माडीवरून लाकडे का फेकते.

"ती बी. एस्सी. आहे," सासूबाई म्हणाल्या.

मामींनी हळहळून मान हलवली. "अय्यो. औषध चालू आहे ना?"

*

औषध असे निघाले की मानेला शिवायचेच नाही. आसारीने फळीला दोन खाचा पाडल्या, एक नळीच्या बेताची, एक दस्त्याच्या जाड भागासाठी. बंदूक या दोन ठिकाणी बसायची आणि मान मधे मोकळी, हवेत. एक दस्ता उजवीकडे, पुढचा डावीकडे, म्हणजे वजन सारखे. पेंढा लागायचा तो फक्त उरलेल्या जागेत, पिळून, गाठी मारून. नळीखालचा गज बाहेर, आणि चकमक धरणारा घोडा काढून वेगळ्या डब्यात, कारण तो नेहमी शेजारणीच्या अंगात घुसतो. असे भरलेले खोके माडीवरून पडले, तेव्हा आतली बंदूक हलली नाही. आसारीने ते पुन्हा टाकायला लावले. मग स्वतः टाकले. मग म्हणाला की खोके चांगले बनले आहे.

खरी पेटी मात्र माणसापेक्षा लांब झाली. पाठवण्याची रंगीत तालीम म्हणून ती रिकामीच स्टेशनवर नेऊन तोलून आणायची होती. चार माणसांनी खांद्यावर घेतली, वर पांढरे कापड, पुढे अनवाणी मामंजी. मोठ्या तळ्याच्या वळणावर सायकलवाले उतरून उभे राहिले. विड्याच्या पानांच्या दुकानदाराने फळी अर्धी ओढली. एक वृद्ध गृहस्थ हात जोडून पुढे आले आणि त्यांनी हळू आवाजात मामंजींना विचारले, कोण गेले.

मामंजी थांबले. खोटे त्यांना बोलता येत नसे.

"अजून कोणी गेलें नाहीं," ते म्हणाले. "बारा जण आहेत. गाडी मिळाली कीं जातील."

*

बंदुकांचे पार्सल म्हटल्यावर पोलिसांचा शेरा हवा. हेड कॉन्स्टेबल कारखान्यात आले, त्यांनी एकेका नळीत काडी घालून पाहिली, ती आत जाईना, तेव्हा त्यांचे समाधान झाले. 'ही बंदूक उडत नाही' एवढे लिहून सही करा, की काम संपले.

मामंजींनी लेखणी खाली ठेवली. शिलेखान्याच्या घराण्यातला माणूस, आपली तुपक उडत नाही असे आपल्या हाताने लिहील? यशवंतभावजींनी समजावले. सासूबाईंनी कॉफी पाठवली. कॉन्स्टेबल म्हणाले की त्यांना घराण्याबद्दल पूर्ण आदर आहे, पण कागदावर त्याची जागा नाही. मी म्हटले, विधान सत्य आहे, त्यात अपमान कसला. मामंजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पदार्थविज्ञानाची मर्यादा मला तिथेच कळली.

कॉफीचा दुसरा पेला संपता संपता त्यांनी लेखणी उचलली आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले, "लढाई संपली असल्याकारणें ह्या तुपका उडत नाहींत."

कॉन्स्टेबलांनी ते तमिळमध्ये सांगून घेतले, क्षणभर विचार केला आणि शिक्का मारला.

*

पेटीच्या आधी एक बंदूक नमुन्याला पाठवावी, असा माझा आग्रह होता. तीच पद्धत, लहान खोके, मिरजेला माझ्या भावाच्या नावे. बरोबर घोड्यांचा डबा, तो मात्र बाराही बंदुकांचा, कारण घोडे आधी पोहोचले तर बापूसाहेबांचा माणूस ते घासून-पुसून ठेवणार होता.

स्टेशनवरचे पार्सल क्लार्क सौंदरराजन काटेकोर गृहस्थ. डब्यात काय आहे ते लिहिल्याशिवाय पावती फाडत नसत. यशवंतभावजी म्हणाले, "घोडे. बारा." तमिळमध्येही बंदुकीच्या त्या भागाला घोडाच म्हणतात, कुदिरै. सौंदरराजन यांनी डब्याकडे पाहिले. लोणच्याच्या बरणीएवढा डबा. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. जनावरांच्या पानावर बोट ठेवले आणि चेहऱ्याची एक रेषही न हलवता विचारले,

"उभे की बसलेले?"

यशवंतभावजींनी आजवर दुसऱ्याच्या विनोदाला दाद दिली नव्हती. ते हसून फलाटावर खाली बसले. सौंदरराजन यांनी रकान्यात लिहिले, "बसलेले."

*

नमुन्याच्या खोक्याचे काय झाले, तेही मी पाहिलेले नाही. मात्र माझा भाऊ वकील आहे. फी घेतल्याशिवाय तो काही रंगवून सांगत नाही, आणि माझ्याकडून त्याने फी घेतलेली नाही.

तो मिरज स्टेशनवर गेला तेव्हा पार्सल ऑफिसात त्याला खोके दिसेना. चौकशी केली तेव्हा तिथले बाबू त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. तिथे मातीच्या माठाजवळ, ओल्या गोणपाटाच्या सावलीत, आमचे खोके उभे होते. उन्हापासून दूर, भिंतीला न टेकता, वर कोणतेही ओझे नाही. लेबलावर मामंजींचे टपोरे अक्षर होते: 'तुपकांची पेटी'.

"मी स्वतः लक्ष ठेवून होतो," बाबू म्हणाले. "असल्या उन्हात पातळ होऊन गळायला किती वेळ? आणि पाठवणाऱ्यांना सांगा, 'तुपाची'मध्ये 'क' येत नाही."

बंदूक अर्थातच धडधाकट पोहोचली. बातमी आली तेव्हा घरात आनंद झाला, पण तो थोडाच वेळ टिकला, आणि विरजण घालणारी मीच होते. मी म्हटले, या चाचणीला अर्थ नाही. ते खोके बंदुकीसारखे वागवलेच गेले नाही. त्यावर यशवंतभावजींना युक्ती सुचली. मोठ्या पेटीवर सरळ 'तूप' लिहावे. गाडीभर माणसे तिला तळहातावर नेतील.

व्यवहाराच्या दृष्टीने सूचना निर्दोष होती. या पेटीवर मामंजींचे उरलेले आयुष्य ठरणार होते, आणि एका शब्दाने ते सुरक्षित होत होते.

मामंजी उठले. "तूप होऊन पोंचण्यापरीस," ते म्हणाले, "तुपक होऊन मोडूं दे."

मोठ्या पेटीच्या चारी बाजूंना त्यांनी स्वतः लिहिले: तुपका. खाली माझ्या सांगण्यावरून, नव्या मराठीत: बंदुका.

*

मोठी पेटी निघाली तेव्हा मी तिथे होते, आणि उघडली तेव्हाही होते, म्हणून शेवटच्या प्रसंगाबद्दल मला कोणावर विसंबावे लागत नाही.

भरताना प्रत्येक बंदूक मी माझ्या हाताने खाचांत बसवली. पेंढा आमच्याच वाफ्यातला, पट्टीश्वरमच्या वाटेवरच्या शेतातला, उन्हात वाळवून पिळलेला. वरून तागाचे कापड सासूबाईंनी शिवले. त्यांची टीप उलटी पडते, डावखुऱ्या असल्यामुळे. तशी शिवण मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. मद्रास टाळून, विल्लुपुरम, गुंटकल, हुबळी अशी अरुंद रुळांचीच वाट आम्ही सौंदरराजन यांच्याकडून लिहून घेतली. वाट लांब, पण मधे पेटी उतरवून रुंद रुळांच्या गाडीत चढवण्याचा प्रसंग नाही. मामंजी फलाटावर गाडी दिसेनाशी होईतो उभे राहिले आणि परत येऊन एक समई घासत बसले. जेवले नाहीत.

मी माहेरपणाला म्हणून मागच्या गाडीने मिरजेला पोहोचले. पेटी कंपनीच्या तालमीच्या मांडवात ठेवलेली होती. बापूसाहेब, नट मंडळी, बाजाची पेटी वाजवणारे, कपडेवाले, सगळे भोवती जमलेले. एक नट काठीला चांदीचा कागद लावून तयारच बसला होता आणि ती काठी त्याने मला दिसेल अशी धरली होती. मी आधी बाहेरून पाहून घेतले. कापड कोठे फाटले नव्हते. शिवण उलट्या टिपेची, सासूबाईंची. खिळे आसारीच्या पद्धतीने तिरके. मग म्हटले, उघडा.

पहिली बंदूक बापूसाहेबांनी स्वतः उचलली. मान निरखली. बोटाने वाजवली. बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली. सहाव्या बंदुकीनंतर काठीवाल्या नटाने काठी पाठीमागे लपवली. बारावी हातात आली तेव्हा बापूसाहेबांनी ती खांद्याला लावली, मांडवाच्या आढ्यावर नेम धरला आणि शांतपणे म्हणाले,

"आता किल्ला पडतो."

जो काही गलका झाला तो मी सांगत नाही. नाटकवाल्यांचा गलका होता. बाराच्या बारा शाबूत. बापूसाहेबांनी तिथल्या तिथे आणखी वीस बंदुका मागितल्या, आणि मामंजींसाठी निरोप दिला की मोहीम आता लहान राहिलेली नाही, शिलेखाना बंद करू नये. मी लगेच तार करायला माझ्या भावाला पिटाळले. तारेवर तीन शब्द लिहून दिले: तुपका बारा सुखरूप. पुढे कळले की तारवाल्याने तो मजकूर दोनदा वाचून भावाला विचारले, किती शेर?

गडबड ओसरल्यावर बापूसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. कंपनीला गावोगाव फिरायचे, बंदुका दर मुक्कामाला बांधाव्या लागणार. "बाईसाहेब, ही भरण्याची रीत एकदा नीट सांगा, आमची माणसे शिकून घेतील."

मला बरे वाटले, हे नाकारत नाही. माणसे पेटीभोवती बसली. मी खाचा दाखवल्या. मान मोकळी का ठेवायची ते सांगितले. दस्ते आळीपाळीने कसे, ते सांगितले; पेटीतही ते तसेच, एक उजवीकडे, एक डावीकडे, होते. मग म्हटले की उरलेल्या जागेत भाताचा कोरडा पेंढा असा पिळून, गाठ मारून बसवायचा, आणि दाखवण्यासाठी पेटीतून मूठभर उचलला.

मुठीत जाड, पेरांचे ताट होते.

मी मिरजेची आहे. कडबा मला ओळखता येतो. जोंधळ्याचा, पिवळा, चांगला वाळलेला. आमच्या गाठीसारखीच गाठ मारून, आमच्याच जागी, हलणार नाही असा नीट बसवलेला. मी गुडघ्यावर बसून पेटी तळापर्यंत उपसली. खाचा आमच्या होत्या. फळ्या आमच्या होत्या. कापडावरची टीप पुन्हा उजेडात धरून पाहिली. ती सासूबाईंचीच होती, वाटेत कोणी उसवून पुन्हा घातलेली नव्हती. कुंभकोणमच्या आसपास आमच्या साऱ्या शेतांत भात होतो. जोंधळा मी तिथे पाहिलेला नाही.

पेटीत भाताच्या पेंढ्याची एक काडीही नव्हती.